कामं थंडीची, धास्ती चैत्राची

या खेपेला पत्रांचा गठ्ठा जाड आहे. थंडी पडली की सोलापूरकराला बाग आठवते. मे महिन्यात मला कोणी ओळीचं पत्र लिहीत नाही, तेव्हा सगळे कूलरपुढे बसलेले असतात आणि झाडं देवाच्या भरवशावर. आमच्या रोपवाटिकेत अक्कलकोट रोडला येणारं गिऱ्हाईकही असंच. संक्रांतीच्या गड्डा जत्रेवरून परतताना चार रोपं घेऊन जातं आणि पाडव्यानंतर वाळलेल्या काड्या दाखवायला आणतं. त्यामुळे प्रश्न थंडीचे असले तरी माझा एक डोळा एप्रिलवर आहे, हे वाचताना ध्यानात असू द्या.

प्रश्न : मावशी, माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते. तिथल्या कौन्सिलकडून तिने वर्षाच्या भाड्याने जमिनीचा तुकडा घेतलाय, त्याला अलॉटमेंट म्हणतात. ती फोनवर सांगते, हिवाळ्यात झाडं छाटून घ्या, माती खणून उघडी टाका, नाजूक रोपं कापडाने झाका. आमच्या घरामागे दीड गुंठा जागा आहे. आंबा, सीताफळ, शेवगा, कढीपत्ता आणि थोडी भाजी. तिचं ऐकू का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

लेक तिच्या जागी बरोबर आहे. तिकडे सफरचंदाची पानं झडतात, झाड झोपी जातं, म्हणून छाटणी तेव्हा करतात. खणून ठेवलेल्या मातीतलं पाणी गोठतं, त्याने ढेकळं आपोआप फुटतात. आपल्या काळ्या रानातली ढेकळं फोडायला हिम नाही, ऊन लागतं. ते काम उन्हाळी नांगरटीचं. आता भाजीचे वाफे खणून उघडे टाकलेत तर आहे ती ओल उडून जाईल, बाकी काही साधणार नाही.

झाकण्याचं म्हणाल तर सोलापुरात डिसेंबर-जानेवारीच्या बहुतेक रात्री १४ ते १६ अंशांच्या असतात, लाट आली तर पारा १०च्या आसपास उतरतो. त्याने मरेल असं तुमच्या दीड गुंठ्यात काही नाही. उलट प्लास्टिक घातलंत तर रात्रीचा दमटपणा आत कोंडून बुरशी धरेल.

छाटणी झाड बघून. आंब्याला आता मोहर आहे किंवा येऊ घातलाय. त्याला कात्री लावलीत तर यंदाच्या कैऱ्या कापल्या म्हणून समजा. शेवगा शेंगा संपल्यावर, एप्रिल-मेमध्ये. कढीपत्त्याचे शेंडे फोडणीसाठी खुडता तेवढं पुरे. तुमच्या परसात लेकीच्या सफरचंदासारखं वागणारं एकच झाड आहे, सीताफळ. थंडीच्या अखेरीला ते पानं टाकून विसावतं, तेव्हा त्याच्या वाळक्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या काढा. काळी पडून, दगडासारखी होऊन फांदीलाच चिकटलेली जुनी फळं असतात, तीही काढून लांब टाका. पुढच्या वर्षीची बुरशी आणि पिठ्या ढेकूण त्यांच्यातच मुक्काम करतात.

प्रश्न : एकाच शेवंतीचे फुटवे काढून मी दोन कुंड्या केल्या. मागच्या अंगणातली फुलांनी लगडलीय. फाटकाजवळची अंगाने दुप्पट झाली पण तिला कळीसुद्धा नाही. माती एक, खत एक, पाणी एक. सासूबाई म्हणतात, फाटकावर दृष्ट लागते.
– एक वाचक, शेळगी

सासूबाईंचं अगदीच चुकलेलं नाही, नजर आहेच तिच्यावर, फक्त ती विजेच्या खांबाची आहे. पत्रात पुढे तुम्ही लिहिलंय की फाटकासमोर रस्त्याचा दिवा आहे. तोच चोर.

शेवंती दिवस-रात्र मोजणारं झाड आहे. रात्र लांबली की ती कळी धरते. आणि नुसती लांब रात्र चालत नाही, ती सलग काळोखी लागते. डिसेंबरात आपल्याकडे जवळजवळ तेरा तासांची रात्र असते, मागच्या अंगणातल्या कुंडीने ती पुरेपूर घेतली. फाटकाजवळच्या कुंडीच्या लेखी मात्र रात्र झालेलीच नाही. दिवा लागला, तिने धरलं की अजून उन्हाळाच चाललाय, आणि ती पानं वाढवत बसली. रस्त्यांवर झगझगीत पांढरे दिवे आले तेव्हापासून ही तक्रार माझ्याकडे वाढली आहे. पूर्वीच्या मिणमिणत्या पिवळ्या बल्बखाली निदान आडोशाच्या फांद्या तरी फुलायच्या.

कुंडी आज उचला आणि मागच्या बाजूला, कुठलाही दिवा पडणार नाही अशा जागी ठेवा. जिन्यातला दिवा, शेजाऱ्यांचा व्हरांडा, सगळं बघा. कुंडी जड असेल, हलत नसेल, तर संध्याकाळी सहाला तिच्यावर पुठ्ठ्याचं मोठं खोकं पालथं घाला आणि सकाळी सातला काढा. पण हे रोजच्या रोज करायचं, एकादशी-संकष्टी बघून नाही. कळ्या डोळ्यांना दिसायला महिनाभर तरी लागेल, फुलं फेब्रुवारीच्या शेवटाला. झेंडूला असलं काही लागत नाही, फाटकावर पुढच्या वर्षी झेंडू लावा.

मागच्या कुंडीची फुलं संपली की झाड वीतभर ठेवून छाटा. बुडातून फुटवे येतील. ते फेब्रुवारीत वेगळे करून कडुलिंबाच्या सावलीत ठेवायचे. शेवंती थंडीत मेलेली मी पाहिली नाही, दर वर्षी मेमध्ये मरते.

प्रश्न : गुलाबाची छाटणी राहून गेली. आता करू का? आणि मोगऱ्याला पाणी किती देऊ?
– एक वाचक, मोहोळ

गुलाबाची मोठी छाटणी पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात. आता जोरात छाटलीत तर नव्या फुटीची फुलं नेमकी उन्हाच्या तोंडात येतील, बटणाएवढी. या घडीला फक्त सुकलेलं फूल खालच्या दोन पूर्ण पानांसह काढा आणि कलमाच्या सांध्याखालून निघालेली रानफूट मुळापासून ओरबाडून टाका. ती वरून कापली की दुप्पट येते.

मोगऱ्याला आता पाणी जवळजवळ तोडा. पानं मलूल होऊ द्या. जानेवारीच्या अखेरीस छाटा, राहिलेली पानं हाताने काढा, शेणखत घालून पाणी सुरू करा. मार्चपासून गजरे.

प्रश्न : लिंबाचं झाड सात वर्षांचं आहे. हिरवंगार, डेरेदार, शेजारीपाजारी कौतुक करतात. पण वर्षाला दहा-बारा लिंबं. बोर्डाने सांगितल्यासारखी सगळी खतं घातली. झाड धुण्याच्या दगडाजवळ आहे, त्यामुळे पाण्याची कधी ददात नाही.
– एक निवृत्त शिक्षक, बार्शी

सर, उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. ज्याला कधी तहान लागत नाही ते लिंबू फुलत नाही. त्याला ताण द्यावा लागतो. बागायतदार आंबे बहारासाठी, म्हणजे थंडीअखेरच्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात पाणी तोडतात. मुरमाड जमिनीत दोन-तीन आठवड्यांत ताण बसतो, भारी काळ्या जमिनीत महिना-दीड महिना लागतो, कारण ती माती ओल सोडता सोडत नाही. पानांची चकाकी जाते, दुपारी ती मिटल्यासारखी होतात, खालची थोडी पिवळी पडून गळतात. बघून घरच्या बाईचा जीव तुटतो आणि ती गुपचूप तांब्याभर पाणी ओतते. तिला आधीच विश्वासात घ्या, नाहीतर सगळी मेहनत त्या तांब्यात बुडते.

पानगळ फार होऊ देऊ नका, चौथा हिस्सा पानं गेली की पुरे. मग फांद्यांच्या घेराखाली, खोडापासून दोन-अडीच फूट लांब, चार बोटं माती हलवा. खोल खणू नका, लिंबाची मुळं वरच्या वर असतात. दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत आणि दोन किलो निंबोळी पेंड. पहिलं पाणी हलकं, चार-पाच दिवसांनी दुसरं भरपूर, आणि तिथून पुढे खंड नको. फुलं फेब्रुवारीत, लिंबं जून-जुलैपासून.

पण त्याआधी मोरीचं पाणी वळवा. नुसतं ओलीमुळे नाही, साबण-सोड्याचं पाणी वर्षानुवर्षं बुडात मुरलं की खोडातून डिंक गळायला लागतो, मग ते झाड हाताला लागत नाही. चर काढून ते पाणी नारळाकडे न्या, नारळ काहीही पचवतो.

उन्हाळ्यात, लिंबू खरं महाग होतं तेव्हा, घरचं हवं असेल तर हस्त बहार, म्हणजे पावसाळ्याअखेरचा फुलोरा, धरावा लागतो. त्याचा ताण सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि तेव्हाच आपल्याकडे परतीचा पाऊस येऊन ताण मोडतो. घरगुती झाडाला त्या भानगडीत पडू नये असं माझं मत.

प्रश्न : जास्वंद, लिंबू, मधुकामिनी, सगळ्यांची पानं पिवळी पडताहेत. नवी पानं जास्त पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. नळाला पाणी काही दिवसांआड येतं म्हणून बोअरचं घालतो, शिवाय पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून वाया जाणारं पाणीही कुंड्यांना देतो. कुणी इप्सम मीठ सांगितलं, कुणी गंजके खिळे पुरायला सांगितले. थंडीमुळे होतंय का?
– एक वाचक, होटगी रोड

थंडीवर बिल फाडू नका. हा चुन्याचा आजार आहे आणि सोलापुरात घरोघरी आहे. कुंडीच्या काठाला आणि मातीवर पांढरी पापडी धरली असेल, बघा. चिमूटभर कोरडी माती बशीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळा. फसफसून बुडबुडे आले की चुनखडी आहे हे नक्की. अशा मातीत लोह असतं, पण झाडाला उचलता येत नाही. नवं पान लोहाविना पिवळं निघतं, शिरा हिरव्या राहतात. (जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर तो वेगळा मामला, तिथे नत्राची कमतरता किंवा पाण्याचा अतिरेक शोधा.)

खिळे मातीत गंजतील आणि तिथेच राहतील, झाडाला त्यातलं काही मिळणार नाही. इप्सम मिठात मॅग्नेशियम असतं, लोह नाही. लोह पानावर दिलेलं बरं. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम लिंबूसत्त. आधी लिंबूसत्त विरघळवा, मग हिराकस. पाणी फिकट हिरवं आणि नितळ राहिलं पाहिजे. तांबूस, गढूळ झालं तर ते वाया गेलं, ओतून द्या. बोअरच्या पाण्यात ते हमखास तांबूस होतं, म्हणून नळाचं पाणी घ्या. ऊन कललं की पानांच्या खालून-वरून फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. मातीत द्यायचं तर हिराकस मूठभर मुरलेल्या शेणखतात कालवून द्या, कोरडी भुरभुरवली तर चुनखडी ती गिळून टाकते. फरशीवर सांडू देऊ नका, डाग जात नाही.

आणि त्या यंत्राचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना देणं आजच्या आज बंद. पाण्यातला क्षार काढून गाळलेलं तुम्ही पिता आणि काढलेला सगळा क्षार जास्वंदीला पाजता. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला ठेवा. उजनी धरणाचं पाणी नळाला येईल त्या दिवशी प्रत्येक कुंडीला बुडातून वाहून जाईपर्यंत एकदा सोडा, साठलेला क्षार थोडा धुऊन निघतो. हे काम थंडीतच करून घ्या. मार्चनंतर तुम्हाला पाणी प्यायला पुरवावं लागणार आहे.

प्रश्न : घराजवळ मोकळ्या प्लॉटवर मुलांना दाखवायला म्हणून चार वाफे हरभरा केलाय. गुडघ्याच्या खाली आहे, अजून फूल नाही. शेजारच्या आजी म्हणाल्या, शेंडे खुडा. एवढं चांगलं वाढलेलं पीक तोडायचं कसं? पाणी एक दिवसाआड देते.
– एक वाचक, बाळे

आजींच्या पाया पडा आणि खुडा. फूल लागायच्या आत शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात, जितक्या फांद्या तितके घाटे. फूल लागल्यावर मात्र हात लावायचा नाही. खुडलेल्या कोवळ्या पाल्याची लसूण-मिरचीवर परतून भाजी करा, वर ज्वारीची भाकरी. जास्त निघाला तर सावलीत वाळवून ठेवा, उन्हाळ्यात डाळ घालून पातळ भाजी होते. बोटांना आंबट चव येईल, नखाच्या कडा चिरलेल्या असतील तर झोंबेल.

ती आंब. मुलांना दाखवायचीच आहे तर हे दाखवा. दिवस उगवायच्या आत, पानांवर दव असताना, धुतलेलं पांढरं सुती फडकं वाफ्यावर हलकेच पसरून ओढत न्या. दवात उतरलेली आंब फडक्यात येते. पिळली की वाटीत पाण्यासारखं, किंचित पिवळसर काहीतरी जमतं, जिभेला लावलं तर डोळे मिटतात. जुन्या घरांतून ती बाटलीत भरून ठेवत आणि पोट दुखलं की थेंब-दोन थेंब पाण्यातून देत. ऊन वर आलं, दव उडालं की फडकं कोरडंच परत येतं, म्हणून मुलांना लवकर उठवावं लागेल, हा त्यातला अवघड भाग.

पाणी एक दिवसाआड? हरभरा उभळेल. काळ्या जमिनीत त्याला फुलाच्या वेळी एक आणि घाटे भरताना एक, एवढं पाणी पुष्कळ झालं. जास्त पाण्याने पिवळा पडून जागेवर वाळतो. घाटेअळीसाठी वाफ्यात दोन-तीन काठ्या आडव्या काटक्या बांधून रोवा. पक्षी त्यावर बसतात आणि अळ्या टिपतात. भोगीच्या भाजीला सोलाणे मिळतीलच, थोडे ढाळे भाजून हुळा करायला राखून ठेवा.

प्रश्न : दारातल्या डाळिंबाची फळं पिकायच्या आत तडकतात. औषध सांगा.
– एक वाचक, सांगोला

सांगोल्याहून डाळिंबाचा प्रश्न सोलापुरात विचारताय, गल्लीत विचारला असतात तरी उत्तर मिळालं असतं. औषध नाही, नियम आहे. पाणी आज बादलीभर आणि मग आठवडाभर नाही, असं झालं की वाळून घट्ट झालेली साल आतून फुगणाऱ्या दाण्यांना पुरत नाही, ती फाटते. थंडीत दुपारचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांत फरक मोठा, त्याने भर पडते. रोज थोडं आणि ठरावीक पाणी, बुडाला पाचटाचं आच्छादन. तडकलेलं फळ सांधत नाही, काढून खाऊन टाका. सालीवर काळे तेलकट डाग आणि मधोमध चीर असेल तर तो तेल्या रोग. मग केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे विचारा, तिथे याच कामाची माणसं बसलेली आहेत.

प्रश्न : गच्चीवरची मेथी, कोथिंबीर, मुळा झाले. आता पुढे काय पेरू?
– एक वाचक, दमाणीनगर

मेथी, पालक जानेवारीभर पेरा. फ्लॉवर, कोबीची रोपं कुणी फुकट दिली तरी आता घेऊ नका, गड्डा धरायच्या वेळी ऊन येईल. १५ जानेवारीनंतर भेंडी आणि गवार. भेंडीचं बी रात्रभर भिजवा, गार मातीत ते रेंगाळतं. गवारीला ऊन मानवतं, गच्चीसाठी तिच्यासारखी भाजी नाही. पावट्यावर काळा मावा आला असेल तर पाण्याच्या जोरदार धारेने धुवा, मग ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, साबणाचे चार थेंब टाकून फवारा. मुंग्या दिसल्या की मावा आलाच म्हणून शोधा.

प्रश्न : कडुलिंबाची पानं गळायला लागली की आमच्या सोसायटीत ढीग करून पेटवतात. मी ती झाडांखाली पसरावी म्हणते, पण शेजारी म्हणतात वाळवी लागेल. आणि हिरवी जाळी कधी बांधायची?
– एक वाचक, विजापूर रोड

पेटवतात तो तुमचा उन्हाळाच पेटवतात. पानगळ फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे माती झाकायची गरज पडते अगदी त्याच वेळी. सगळा पाला मागून घ्या, पोती भरून ठेवा. आधी वाफ्याला, कुंडीला पोटभर पाणी, मग वर चार बोटं जाड थर. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडा, वाळवी चढते ती थर खोडाला भिडला तरच. आणि वाळवीला कोरडा पाला लागतो. आठवड्यातून एकदा थर ओला केला, काठीने हलवला की ती राहत नाही. कडुलिंबाचा पाला कमी पडला तर ज्यूसवाल्याकडे उसाचा चोथा मिळतो, पण तो उन्हात कडकडीत वाळवून घ्या, नाहीतर मुंग्यांची जत्रा भरेल.

जाळी होळीच्या आत. रोपं करपल्यावर बांधलेल्या जाळीखाली करपलेलीच रोपं राहतात. भाजीला ५० टक्क्यांची पुरते, ७५ची घेतलीत तर भेंडी उंच होईल आणि फूल धरणार नाही. बांबू आत्ताच रोवून ठेवा, जमिनीत ओल आहे तोवर पहार जाते. पश्चिमेची बाजू जमिनीपर्यंत सोडा, दुपारी तीनचं तिरपं ऊन तिकडून येतं. पूर्व उघडी राहू द्या, सकाळचं ऊन झाडांना हवंच असतं. आणि दोऱ्या नायलॉनच्या घ्या. सुतळी एप्रिलच्या वळिवात तुटते आणि जाळी शेजाऱ्यांच्या गच्चीवर सापडते.